कुंडीची माती घरीच करा, पण कच्चं शेण कुंडीत घालू नका

मे महिना लागला की कृषी कार्यालयात येणाऱ्यांचा विषय बदलतो. उसाची भरणी, खोडव्याचं खत मागं पडतं आणि परसबाग, गच्चीवरच्या कुंड्या, बचत गटाच्या रोपांच्या पिशव्या सुरू होतात. यंदाच्या प्रश्नांतले तीन घेतो. बाकीचे बहुतेक यातच येतात.

करवीर तालुक्यातल्या एक ताई विचारतात: "घरची काळी माती आणि गोठ्यातलं शेण निम्मं-निम्मं मिसळून तीस कुंड्या भरल्या. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं आठ दिवसांत पिवळी पडून बुडातून कोलमडली. दुकानात दाखवल्यावर दाणेदार औषध आणि काळं टॉनिक दिलं. ते टाकू का?"

शिरोळचे शेतकरी: "नदीकाठचा पुराचा गाळ आमच्याकडं ढिगानं आहे. तो थेट रोपांच्या पिशव्यांत भरला तर चालेल का?"

आजऱ्याहून: "आमची माती तांबडी, पाणी धरत नाही. दुकानदार म्हणतो निम्मं गांडूळ खत घाला, वर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. प्रमाण किती? आणि यासाठी काही योजना आहे का?"

ताई, टाकू नका. दोन्ही पुड्या परत करा. तुमच्या रोपांना रोग नंतर लागला, आधी ती भाजली. कच्चं शेण कुंडीत कुजायला लागलं की उष्णता सोडतं, अमोनिया सोडतं, मुळांजवळची हवा खाऊन टाकतं. शेतात हे निभावून जातं, तिथं शेण पांगतं आणि मुळांना सरकायला जागा असते. बारा इंची कुंडीत मुळं जाणार कुठं? ती भाजली की मर रोगाची बुरशी आत शिरते आणि रोप बुडातून आडवं होतं. त्यात निम्मी काळी माती, म्हणजे पाणी तुंबलंच. यातलं काय दाणेदार औषधानं सुधारणार? उरलेल्या कुंड्या रिकाम्या करा, ते मिश्रण ढिगावर टाका, कुजू द्या. ते वाया जात नाही, पुढच्या वर्षी कामाला येतं.

कच्च्या शेणाचा दुसरा धोका हुमणी, म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी भुंगेरे कडुलिंबावर, बाभळीवर जमतात, हे ऊसवाल्यांना सांगायला नको. त्यांची अंडी-अळ्या अर्धवट कुजलेल्या शेणखतातून कुंडीपर्यंत येतात. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवर मिरचीची कुंडी मी स्वतः गोणपाटावर उपडी केली होती. अर्धगोल वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या नऊ अळ्या निघाल्या. मुळं नावाला उरली नव्हती, नुसता बुडखा. त्या घरानं दुकानदाराच्या सांगण्यावरून दोनदा दाणेदार विष टाकलं होतं, आणि शेजारच्याच कुंडीतली कोथिंबीर त्या दिवशी आमटीत पडली होती. घरात लहान मुलं. म्हणून स्पष्ट लिहितो: खायच्या भाजीच्या कुंडीत दाणेदार कीटकनाशक कोणीही सांगितलं तरी टाकायचं नाही. फोरेट या दाणेदार विषावर तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुना माल कोणी हातात ठेवला तर घेऊ नका. हुमणीसाठी खत पूर्ण कुजलेलं वापरा, भरताना चाळा, दिसलेली अळी वेचून मारा. फार झालं तर मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी खतात मिसळा. एवढं पुरतं.

आता मातीचं. इथं आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच प्रमाण सगळ्यांना सांगून भागत नाही. शिरोळ, हातकणंगल्याची काळी माती वाळली की भेगाळते, भिजली की चिकट होते. पन्हाळा, शाहूवाडी, आजरा, चंदगडकडची तांबडी माती निचरा छान करते, पण ओल आणि अन्न धरत नाही. घमेल्याच्या मापात सांगतो, दहा घमेली मिश्रणासाठी. तांबडी माती असेल तर चार घमेली माती, तीन घमेली पूर्ण कुजलेलं खत, दोन घमेली भाजलेलं भाताचं तूस किंवा कोकोपीट, एक घमेलं जाड वाळू किंवा विटांचा चुरा. काळी माती असेल तर माती तीनच घमेली घ्या आणि तूस तीन करा. त्यात निंबोळी पेंड किलो-दीड किलो, जास्त नाही. पेंडही कुजताना तापते, म्हणून रोप लावायच्या पंधरा दिवस आधी मिसळायची, लावताना नाही.

माती कुठली घेता हे प्रमाणाइतकंच महत्त्वाचं आहे. उसाच्या सरीतली माती रोपांना घेऊ नका. त्या सरीत अॅट्राझिन, मेट्रिब्युझिन ही तणनाशकं मारलेली असतात. उसाला त्याचं काही वाटत नाही, पण टोमॅटो, काकडी, पालेभाजीचं रोप पानाच्या कडेपासून पिवळं पडत जातं आणि लोक त्यावर रोगाचं औषध मारत बसतात. तणनाशक न लागलेल्या जागेची, आंब्याखालची, जुन्या परसातली वरची चार-सहा इंच माती घ्या. लव्हाळा या तणाच्या गाठी दिसल्या तर ती माती सोडून द्या, चाळून तो जात नाही.

घेतलेली माती एप्रिल-मेच्या उन्हात तापवा. ओली करून अर्धा फूट जाडीनं पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक घालून कडा मातीनं दाबा, चार ते सहा आठवडे हात लावू नका. काळं प्लॅस्टिक घालू नका, पारदर्शकच हवं, ऊन आत गेलं पाहिजे. मर रोगाची बुरशी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत), बरंचसं तणाचं बी यात मरतं, खर्च प्लॅस्टिकचा तेवढा.

शिरोळच्या गाळाबद्दल. गाळ सुपीक असतो हे खरं, पण शेतात पसरलेला. पिशवीत तो कण-कण बसून सिमेंटसारखा आवळतो, वरून पाणी साचतं आणि खाली मूळ कोरडं राहतं. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या पुरात गावोगावचं सांडपाणी, गोठे, उकिरडे सगळं त्यातून वाहून आलंय. दहा घमेल्यांत गाळ दोन घमेल्यांच्या वर नको, तोही उन्हात तापवलेला. आणि ज्या रानात उन्हाळ्यात पांढरी खार फुलते तिथली माती तर अजिबात नको. शेताला पाट काढून क्षार थोडेफार धुता येतात, कुंडीत ते साठतच जातात. शंका असेल तर अर्धा किलो नमुना सावलीत वाळवून माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या, क्षारता आणि सामू (पीएच) दोन्ही कळतात.

आता खताचं, आणि इथं मी आग्रह धरणार. कोल्हापूर जिल्ह्यात खत विकत आणायची गरज नाही, पाचट (उसाचा वाळलेला पाला) आहे. गळीत हंगामात फडाफडाला काडी लावता, धूर आकाशात जातो आणि मे महिन्यात त्याच घरची माणसं पाचशे रुपयांचं पॉटिंग मिक्स आणतात. हे बघवत नाही. शेतातल्या पाचटाला आम्ही टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू सांगतो. कुंडीसाठी सेंद्रिय हवं असेल तर युरियाची जागा ताज्या शेणाला द्या. कच्चं शेण इथं वापरायचं, ढिगात, कुंडीत नाही.

पाचट कुट्टी यंत्रातून काढा किंवा कोयत्यानं वीतभर तोडा. सावलीत चार फूट रुंद जागा घ्या, लांबी तुमच्या सोयीनं. अर्धा फूट पाचट, त्यावर घट्ट शेणकाला, त्यावर चाळलेल्या मातीची पातळ फक्की, पुन्हा पाचट, असं साडेतीन-चार फुटांपर्यंत. शंभर किलो पाचटाला चार-पाच घमेली शेण धरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसा, दहा मिनिटांनी उपसून मुठीत धरा. हात धरवत नाही इतकी तापली तर ढीग चालू झाला. कोमट असेल तर पाणी कमी आहे किंवा शेण कमी आहे. महिन्यातून एकदा उलटापालट, बाहेरचं आत. साडेतीन ते चार महिने लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरात लावलेला ढीग मार्च-एप्रिलला तयार होतो, नेमका माती तापवायच्या वेळी. काळसर, मोकळं, पावसाच्या पहिल्या सरीचा वास आणि सळई गार, म्हणजे झालं. गाजरगवत घालायचं असेल तर फुलावर येण्याआधीचंच.

तुसाचंही तसंच. भाताचं तूस राधानगरी, भुदरगड, आजऱ्याकडं गिरणीवर मिळतं. ढीग करून मधोमध निखारा ठेवा, ज्वाळा न उठू देता धुमसू द्या, सगळं काळं झालं की लगेच पाणी मारून विझवा. पांढरी राख होईपर्यंत थांबलात तर काम बिघडलं. काळं तूस माती मोकळी ठेवतं, राख सामू वाढवते. काळ्या, चुनखडीच्या मातीत तर गुऱ्हाळावरची राख, चुलीची राख काहीच घालू नका. सुक्या ढेकळावर लिंबू पिळा, फसफसलं तर माती चुनखडीची आहे. तांबड्या मातीला कुंडीमागं एक मूठ राख चालते. एकच मूठ.

आजऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर: निम्मं गांडूळ खत नको. एकूण मिश्रणाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर कोणतंही खत गेलं की पाणी धरून मूळ सडतं आणि क्षारानं पानांची टोकं करपतात. दुकानदार निम्मं सांगतो कारण त्याची पोती दुप्पट जातात. विकतचं घ्यायची वेळ आलीच तर पोत्यावरची छापील माहिती वाचा. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणं गांडूळ खतात नत्र किमान १ टक्का, स्फुरद आणि पालाश किमान ०.८ टक्का हवं. छापील काहीच नसेल तर पोतं तिथंच सोडा. काळा रंग बघून घेऊ नका. साखर कारखान्याची प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी) वाळवून, चाळून गांडूळ खत म्हणून हातात आलेली मी अनेकदा पाहिली आहे. प्रेसमड स्वतः वाईट नाही, पण तीन-चार महिने कुजलेली, आणि डिस्टिलरीचं स्पेंटवॉश (मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी) घालून केलेलं कंपोस्ट असेल तर त्यात पालाश आणि क्षार जास्त असतात, म्हणून कुंडीत दहात एक घमेल्यापुरतंच.

कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून साठ-सत्तर लिटर होते, म्हणजे बऱ्याच कुंड्यांना एक पुरते. ती दोनदा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळून घ्या, नाहीतर तिचे क्षार कुंडीत उतरतात. ह्युमिक, टॉनिक, १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं रासायनिक खत, रंगीत दाणे यातलं एकही नवीन भरलेल्या कुंडीला लागत नाही. पहिले सहा आठवडे तर नाहीच. नंतर पंधरा दिवसांतून एकदा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं), एका लिटरला दहा लिटर पाणी. गोमूत्रही तेवढंच पातळ करून. निखळ गोमूत्र ओतून रोप जाळणारे दरवर्षी भेटतात.

ट्रायकोडर्मा मात्र घ्या, ती रोगाच्या बुरशीला मारते. शंभर किलो कुजलेल्या खताला एक किलो, सावलीत मिसळून ओल्या गोणपाटाखाली दहा-पंधरा दिवस. मग त्याच कुंडीत बुरशीनाशक ओतायचं नाही. ट्रायकोडर्माही बुरशीच आहे, तीच मरेल. हे दुकानदार सांगत नाहीत, दोन्ही एकाच पिशवीत बांधून देतात.

मे महिन्यात विचारणाऱ्यांनी आता ढीग लावून जूनला कुंडी भरायचा हट्ट धरू नये. चार महिन्यांचं काम तीन आठवड्यांत करून देणारी पावडर नाही, कोणी दिली तरी घेऊ नका. यंदापुरतं उकिरड्याच्या तळाचं, गेल्या वर्षीचं शेणखत काढा, वरचं नको. चाळा, ट्रायकोडर्मा लावा आणि मिश्रण जोराच्या पावसाआधी शेडमध्ये झाकून ठेवा. जुलैच्या संततधारेत उघडं राहिलं तर त्यातलं अन्न धुऊन जातं.

योजना थोडक्यात. कंपोस्ट खताची नाडेप टाकी (पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची पद्धत, १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच) आणि गांडूळ खताचं काम रोजगार हमीतून घेता येतं का ते ग्रामपंचायतीत विचारा, जॉबकार्ड लागेल. रोपं विकायची असतील तर अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना, ५० टक्के अनुदान, स्वतःची किमान ४० गुंठे जमीन आणि पाण्याची सोय हवी. ती यंदा चालू आहे का आणि बाकी कागद कोणते ते सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा. चार कुंड्यांसाठी योजना शोधू नका.

कुंडी भरताना भोकावर कौलाचा एक तुकडा ठेवा, माती दाबून बसवू नका, वर दीड इंच जागा सोडा. आणि रोप लावण्याआधी एका कुंडीत दहा मेथीचे दाणे टाका. पाच-सहा दिवसांत आठ तरी उगवून हिरवे उभे राहिले तर मिश्रण तयार. निम्मे उगवले किंवा उगवून पिवळे पडले तर खत अजून कच्चं आहे, आणखी पंधरा दिवस झाकून ठेवा आणि पुन्हा दहा दाणे टाका.