ताक नासत नाही, कळकतं

तासगावहून एका पालकांनी विचारलंय. मुलीने रासायनिक बदलाचं उदाहरण म्हणून 'पितळी भांड्यात ताक कळकणे' असं लिहिलं. शिक्षकांनी 'कळकणे' खोडून वर 'नासणे' लिहिलं आणि बोलीतला शब्द म्हणून अर्धा गुण कापला. हा शब्द प्रमाण मराठीत चालतो का?

चालतो. इतकंच नाही, इथे तोच हवा. हल्ली सांगलीत कुठेही बघा, दूध 'खराब झालं', आमटी 'खराब झाली', खोबरं 'खराब झालं'. दूध नासतं, भात आंबतो, भाजी विटते, खोबरं खवट होतं आणि ताक कळकतं. ज्या भाषेत हे सगळं वेगवेगळं सांगता येतं, तिथे एकाच शब्दावर भागवायचं म्हणजे चीड येण्यासारखीच गोष्ट. दूध नासतं ते जिवाणूंमुळे. ते आम्ल तयार करतात आणि दुधातलं प्रथिन गोळा होतं. कळकण्यात जिवाणूंचं काम नाही. ताकातलं किंवा चिंचेतलं आम्ल आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पितळेतल्या तांब्यावर चढाई करतात, तांब्याचे क्षार पदार्थात उतरतात, कडेला हिरवट-निळी झाक येते. असं ताक प्यायलं तर मळमळतं, उलटी होते. तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी भरून ठेवणाऱ्यांनीही हे वाचावं.

शब्द आला 'कलंक' वरून. संस्कृतात त्याचा अर्थ डाग, तसाच धातूवरचा गंज. त्याचं मराठीत कळंक, कळक, आणि पुढे क्रियापद कळकणे. 'कळकट' हाही याच घरचा, असं माझं ठाम मत आहे. घासूनही काळपटपणा न गेलेलं भांडं डोळ्यांसमोर आणा म्हणजे पटेल.

काही जण कळकणे आणि कल्हई (भांड्याला आतून देतात तो कथिलाचा थर) यांचं नातं लावतात. कल्हई नसली की कळकतं, म्हणून शब्दही सख्खे! हे साफ चूक. कल्हई हा अरबी 'कलई', म्हणजे कथील. मलाया द्वीपकल्पावरच्या ज्या बंदरातून कथील यायचं, त्याला अरब 'कलह' म्हणत. त्यावरून धातूचं नाव पडलं. आणि कल्हई जस्ताची असते असं सांगणाऱ्यांना हात जोडून विनंती: जस्त बादलीला, कथील भांड्याला. 'पितळ उघडं पडणं' हेही कल्हई झिजल्यावरचंच.

आता कथील. हा शब्द मला फार आवडतो. मस्तकाचा माथा झाला, पुस्तकाची पोथी झाली, तसंच 'कस्तीर'चं कथील झालं. आणि हा कस्तीर ग्रीक 'कस्सितेरोस'. कथिलाच्या खनिजाला आज कॅसिटेराइट म्हणतात तेही त्यावरूनच. आमचे संस्कृताभिमानी विद्वान सांगतात की ग्रीकांनी तो आपल्याकडून उचलला. कशावरून? ग्रीक शब्द होमरच्या इलियडमध्ये आहे. आपल्याकडे वेदांत कथिलाला 'त्रपु' म्हटलंय, कस्तीर फार नंतरचा. अभिमान असावा, पण कालक्रम उलटा करून नव्हे. व्यापाराबरोबर शब्द आला, आपण तो मुरवला, यात कमीपणा कसला?

कल्हई लावताना पाहिलंय कुणी? भात्याने निखारे फुलवतात, भांडं तापवतात, नवसागराची चिमूट टाकतात. भपकन पांढरा धूर निघतो, नाकाला झोंबतो. मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवतात, की आतून भांडं चांदीसारखं. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. तो भौतिक बदल. नवसागराचं तसं नाही. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. दुसरा धातूवरचा ऑक्साइड काढतो, उरलेले थंड हवेत पुन्हा एकत्र येतात. पांढरा धूर तोच. संप्लवनाचं, म्हणजे घन पदार्थाचा न वितळता थेट वायू होण्याचं, उदाहरण म्हणून नवसागर पाठ करून घेतात, पण मुळात तो रासायनिक बदल आहे. संप्लवनाला कापूर द्यावा.

मुलीला सांगा, वाक्य असं पूर्ण कर: 'कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, कारण आम्लाची तांब्याशी अभिक्रिया होऊन तांब्याचे क्षार तयार होतात.' आणि वही घेऊन शिक्षकांकडे जा, अर्धा गुण परत मागा.