जुनी लाकडी फरशी चरे पडून निस्तेज झाली आहे. घासून पॉलिश करावी की पूर्ण बदलावी?

फळ्या आतून शाबूत असतील तर घासूनच घ्या, सगळी उखडू नका. भरीव लाकडाची फळी साधारण 19 मिमी जाड असते आणि एकदा सँडिंग केलं की 1 मिमीपेक्षाही कमी लाकूड जातं. खरी मर्यादा असते ती फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचेची. दारात फरशीची कड झाकणारी पट्टी काढून फळीची कड बघा: खाचेच्या वर 2-3 मिमीच लाकूड उरलं असेल तर पुन्हा घासू नका, कडा चिरतात. काळ्या पडलेल्या फळीत स्क्रूड्रायव्हर सहज रुतला तर ती कुजली आहे. तेवढीच बदला, पण आधी ओल कुठून येते ते शोधून थांबवा, नाहीतर नवीही कुजेल. प्लायवूडवर पातळ थर चिकटवलेल्या फळीला मात्र हे लागू नाही. तो थर एका घासण्यातही संपू शकतो.