सेल्सफोर्समध्ये (ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) पुणे टीमचे ग्राहक नागपूर टीमला दिसू नयेत, पण काही डील्स दोघांना दिसाव्यात, हे कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की प्रोफाइलमधून (युजरला दिलेल्या परवानग्यांचा संच) अकाउंटचं, म्हणजे ग्राहकाच्या नोंदीचं, रीड (बघायची परवानगी) काढलं तर नागपूरवाल्यांना त्यांचे स्वतःचेच ग्राहक दिसेनासे झाले. होणारच की. प्रोफाइल आणि परमिशन सेट (वरून द्यायच्या जादा परवानग्या) एवढंच ठरवतात की या माणसाला अकाउंट नावाच्या गोष्टीला हात लावता येईल का, नेमकं कुठल्या अकाउंटला ते नाही. ते सगळं शेअरिंग सेटिंग्जमध्ये असतं. मी पण सुरुवातीला आठवडाभर प्रोफाइलमधलेच टिकमार्क लावत-काढत बसलो होतो, त्यामुळे हसत नाहीये.

आधी ते रीड परत द्या. मग शेअरिंग सेटिंग्जमध्ये ऑर्ग वाइड डिफॉल्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची मूळ सेटिंग, ज्याला सगळे ओडब्ल्यूडी म्हणतात, ते अकाउंट आणि ऑपॉर्च्युनिटी (म्हणजे डील) दोन्हीला प्रायव्हेट करा. इथूनच सुरुवात करायची कारण शेअरिंग रूल म्हणजे आमटीतलं मीठ, घालता येतं, काढता येत नाही. रूल लावून जास्त लोकांना दाखवता येतं, पण ओडब्ल्यूडीने आधीच सगळ्यांना दाखवलेलं रूल लावून लपवता येत नाही. (रिस्ट्रिक्शन रूल नावाचा प्रकार नंतर आलाय पण तो अकाउंटला चालत नाही.) डेटा बराच असेल तर हा बदल रात्री किंवा रविवारी करा, सगळं शेअरिंग नव्याने मोजायला वेळ लागतो.

प्रायव्हेट केल्यावर लगेच पुण्यातूनच फोन येईल की आम्हाला एकमेकांचं काही दिसत नाही. बरोबर आहे, एकाच रोलमधल्या (रोल म्हणजे कंपनीच्या उतरंडीतली जागा) लोकांनाही आपोआप एकमेकांचं दिसत नाही, फक्त वरच्या रोलला खालच्यांचं दिसतं. म्हणून सेल्स हेडच्या खाली पुणे आणि नागपूर असे दोन शेजारचे रोल ठेवा आणि 'पुणे रोलच्या मालकीचं ते पुणे रोलला' असा एक रूल करा, तसाच नागपूरला.

आता त्या दोघांना दिसायच्या डील्स. ऑपॉर्च्युनिटीवर एक चेकबॉक्स फील्ड बनवा, 'संयुक्त डील' वगैरे, आणि तो टिक असेल तर दोन्ही रोलना रीड असा क्रायटेरियावाला रूल लावा. पण इथे एक गोम आहे आणि ती तुमच्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी आहे: डील दिसली की ती ज्या अकाउंटची आहे ते अकाउंटही त्या माणसाला आपोआप रीड-ओन्ली दिसायला लागतं. हे बंद करायचं बटण नाही. म्हणजे डील दाखवा पण ग्राहक लपवा, असं सरळ होत नाही. फील्ड लेव्हल सिक्युरिटीने (कोणाला कुठला रकाना दिसेल ते ठरवणारी सेटिंग) फोन नंबर लपवू म्हणाल तर ती रेकॉर्ड बघत नाही, माणूस बघते, मग त्याला स्वतःच्या ग्राहकांचाही फोन नंबर दिसणार नाही. ग्राहकाचं नाव खरंच गुपित ठेवायचं असेल तर वेगळा कस्टम ऑब्जेक्ट (स्वतः बनवलेला नोंदींचा प्रकार) करून त्यात डीलची मोजकी माहिती टाका, अकाउंटची लिंक न देता. मला तरी हाच मार्ग पटतो, थोडं काम वाढतं पण.

बहुतेक लोक फसतात ते डॅशबोर्डवर. रिपोर्ट ज्याने चालवला त्याच्या नजरेने चालतो, पण डॅशबोर्डला रनिंग युजर ठरवून देता येतो आणि मग बघणारा कोणीही असो, आकडे त्या ठरवलेल्या माणसाचे दिसतात. आमच्या आधीच्या कंपनीत रनिंग युजर होते व्हीपी, आणि डॅशबोर्डचं फोल्डर सगळ्यांना खुलं! दोन महिने अख्ख्या सेल्सला सगळ्यांचं टार्गेट दिसत होतं आणि कोणी काही बोललं नाही, का बोलतील. तुम्ही 'जो बघतोय तोच' हा पर्याय निवडा.

कोणी एपेक्स (सेल्सफोर्सची प्रोग्रॅमिंग भाषा) कोड लिहून दिला असेल तर क्लासवर 'विथ शेअरिंग' लिहिलंय का ते विचारा, नाहीतर वरची सगळी मेहनत तो कोड खुशाल ओलांडू शकतो. आणि 'विथ शेअरिंग' फील्ड तपासत नाही, त्यासाठी क्वेरीत (डेटा मागवणाऱ्या ओळीत) युजर मोड लागतो.

अजून एक, शेअरिंगचा भाग नाही पण सांगतो. 2025 मध्ये चोरांनी सेल्सफोर्स वापरणाऱ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना आयटीवाले बनून फोन केले आणि डेटा लोडरसारखं (डेटा घाऊक आत-बाहेर नेणारं सेल्सफोर्सचं टूल) दिसणारं अ‍ॅप त्यांच्याच हाताने मंजूर करून घेतलं, मग त्या माणसाला जे जे दिसत होतं ते सगळं बाहेर गेलं. म्हणून 'व्ह्यू ऑल डेटा' आणि 'एक्सपोर्ट रिपोर्ट्स' ह्या परमिशन्स कोणाकोणाकडे आहेत ते आजच काढून बघा, विशेषतः नोकरी सोडून गेलेल्यांची लॉगिन्स अजून चालू असतील तर.

सगळं झालं की नागपूरच्या एखाद्या युजरच्या नावाने लॉगिन करून पुण्याचा एक ग्राहक शोधा. सापडला तर अ‍ॅडमिन म्हणून परत येऊन त्या रेकॉर्डवरचं शेअरिंग बटण दाबा, कोणत्या कारणाने दिसतोय ते तिथे लिहून येतं. ते कारण इथे टाका, पुढचं बघू.