उधळपट्टी नेमकी कोणाची? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो आणि नियमाने कर भरतो. आमच्याच इमारतीत सरकारी मदतीवर गुजराण करणारे एक कुटुंब राहते. त्यांनी नुकताच मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच हप्त्यांवर घेतला. आम्ही मात्र अंथरूण पाहून पाय पसरतो. क्रेडिट कार्डावर थोडीफार बाकी असते, पण दरमहा किमान देय रक्कम न चुकता भरतो. ज्यांना पैसे नीट वापरता येत नाहीत त्यांना रोख मदत द्यावीच का? ती वस्तुरूपाने द्यावी, निदान खर्चावर देखरेख ठेवावी, असे आपल्याला वाटत नाही का?

उत्तर : आपल्या पत्रात एक प्रश्न विचारलेला आहे आणि दुसरा, जो आम्हाला अधिक तातडीचा वाटतो, न विचारता ओझरता येऊन गेला आहे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो.

रोख रक्कम हाती पडली की ती व्यसनात जाते, हा समज इतका सार्वत्रिक आहे की तो अनेकदा तपासून पाहिला गेला आहे. जागतिक बँकेतील संशोधक डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी वेगवेगळ्या देशांतील १९ अभ्यास एकत्र ताडून पाहिले. रोख मदत मिळाल्यावर दारू आणि तंबाखूवरचा खर्च जवळपास सर्वत्र एक तर होता तेवढाच राहिला किंवा कमी झाला, असे त्यांना आढळले. मदत मिळाली की माणूस काम सोडतो, या दुसऱ्या समजाचीही तीच गत आहे. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सहा विकसनशील देशांतील सात सरकारी रोख-मदत योजनांचे प्रयोग पुन्हा तपासले, तेव्हा मदतीमुळे लोक काम टाळू लागतात असा कोणताही ठळक पुरावा त्यांना मिळाला नाही. फिनलंडने २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत २,००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो दिले आणि नोकरी लागली तरी ते बंद केले नाहीत. त्या लोकांचे काम कमी झाले नाही, किंचित वाढलेच.

हे सारे सरासरीचे निष्कर्ष आहेत. सरासरीच्या आड पैसे उडवणारे लोकही असतात आणि खोटी कागदपत्रे देऊन मदत लाटणारेही असतात. त्यांच्यावर कारवाई व्हावी, याबद्दल दुमत नाही. मात्र आपण सुचवता ती देखरेख लाटणाऱ्याला क्वचितच अडवते, कारण पावत्या कशा जमवायच्या हे त्यालाच सर्वांत चांगले ठाऊक असते. तिचा जाच होतो तो गरजूला. इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरीब कायद्याने असे तत्त्वच ठरवून टाकले होते, की मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत खालच्या मजुरापेक्षाही वाईट दिसली पाहिजे. मदत मागणे लाजिरवाणे केले की मागणारे कमी होतात, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो खराही ठरतो. फक्त दारातून परत फिरतात ते बहुधा भिडस्त लोक. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मॉफिट यांनी १९८३ मध्ये दाखवले, की पात्र असूनही मदत न घेणाऱ्यांच्या मागे ही लाजेची किंमत असते.

वस्तुरूप मदतीबद्दल आमचे मत इतके ठाम नाही. बाजारात वस्तूच मिळत नसेल किंवा भाव रोज चढत असतील, तर हाती पैसे देऊन उपयोग नसतो. तेथे वस्तूच द्यावी. एरवी नको असलेली वस्तू मिळालेला माणूस ती पडत्या किमतीला विकतो आणि हवी ती घेतो. मधला फरक दलालाच्या खिशात जातो.

आता त्या दूरचित्रवाणी संचाकडे येऊ. आपल्याला दिसला तो संच. तो कोणत्या अटींवर आला ते दिसले नाही. महिन्याच्या महिन्याला थोडी थोडी रक्कम मिळणाऱ्याजवळ एकरकमी पैसा कधीच साठत नाही, त्यामुळे कोणतीही मोठी वस्तू त्याला हप्त्यानेच घ्यावी लागते. बँक त्याला दारात उभे करत नसल्याने हे हप्तेही महाग असतात. विक्रेता सांगतो, “वर्षाला फक्त १२ टक्के.” हा दर बहुतेक वेळा सरळ दर असतो, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पूर्ण मुद्दलावरच लावलेले असते. दोन वर्षांच्या कर्जात १०० च्या मुद्दलावर २४ व्याज धरून १२४ चे चोवीस समान हप्ते पाडले, तर घटत्या शिलकीवर मोजलेला खरा दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. शेजाऱ्यांबद्दल आपल्याला खरोखर काळजी वाटत असेल, तर संच का घेतला असे न विचारता दर कोणत्या पद्धतीचा आहे एवढे विचारावे. कदाचित त्यांनाही ते कोणी सांगितलेले नसेल.

वस्तू पाहून परिस्थिती ओळखण्यात आणखी एक गफलत होते. घरातल्या बऱ्याच वस्तू बरे दिवस असताना घेतलेल्या असतात. नोकरी गेली म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी फोन आणि कपाट विकून मोकळा होत नाही. विकले तरी हाती फारसे काही लागत नाही आणि मदतीचा अर्ज भरायला तो फोनच लागतो.

न विचारलेला प्रश्न आहे आपल्या कार्डाचा. “किमान देय रक्कम न चुकता भरतो” हे वाक्य आपण काटकसरीचा दाखला म्हणून लिहिले आहे, आणि आम्ही पत्र पुन्हा वाचले ते त्यामुळेच. कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज असेल तर वर्षाचा चक्रवाढ दर साडेबेचाळीस टक्क्यांच्या पुढे जातो. किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के धरू आणि बाकी १०० मानू. पहिल्या महिन्यात व्याज धरून १०३ होतात, आपण ५.१५ भरता. बाकी थोडी घटते, म्हणून पुढच्या महिन्याची किमान रक्कमही थोडी घटते आणि आपल्याला हायसे वाटते. अशा रीतीने, एकही नवी खरेदी न करता, ३२ महिने भरत राहिल्यावर आपण एकूण १२० भरलेले असतात आणि तरीही जवळपास ५० देणे शिल्लक असते. याउलट पहिल्या महिन्याचेच ५.१५ दर महिन्याला तसेच भरत राहिलात, किमान रक्कम कितीही खाली आली तरी हात आखडता घेतला नाहीत, तर तिसाव्या महिन्यात सारे कर्ज फिटते. पगारवाढ लागत नाही की कोणाची देखरेख लागत नाही. बँकेला ठराविक रकमेची कायम सूचना देऊन ठेवावी लागते, एवढेच. तोवर कार्ड घरी ठेवावे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सामन्याच्या त्याच तिकिटांसाठी कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांनी रोखीने द्यायचे असलेल्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट बोली लावली होती. ती मंडळी शिकलेली, हिशेबात तरबेज अशी होती.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही वृत्ती खर्चाइतकी दुसरीकडे क्वचितच दिसत असेल. मदतीच्या बाबतीत तर आपली मदत आपल्याला दिसतच नाही. अमेरिकेत २००८ मध्ये घेतलेल्या एका पाहणीच्या आधारे सुझॅन मेटलर यांनी दाखवले, की गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत घेतलेल्यांपैकी ६० टक्के लोकांनी “आम्ही कोणतीही सरकारी सामाजिक योजना कधी वापरली नाही” असे सांगितले होते. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांपैकीही ४४ टक्क्यांनी तेच सांगितले. कर माफ होणे आणि पैसे हातात मिळणे यांचा तिजोरीवरचा परिणाम सारखाच असतो. फरक एवढाच, की करसवलतीसाठी रांगेत उभे राहावे लागत नाही आणि तिच्या पैशातून घरात काय आले याची शेजारी चौकशी करत नाहीत. आपणही अशी एखादी सवलत घेत असाल तर ती जरूर घ्यावी, ती आपल्या हक्काचीच आहे. हक्काचा हा अर्थ मात्र शेजारच्या घरालाही लागू होतो.

प्रश्न : पतीच्या निधनानंतर मला दरमहा सरकारी मदत मिळते. पोटाला चिमटा काढून मी त्यातून थोडी रक्कम बाजूला टाकते. नणंदेला हे कळल्यावर ती म्हणाली, “शिल्लक पडते म्हणजे गरज नाही, हे फसवणे झाले.” तेव्हापासून मनाला खात आहे. मी चूक करते आहे का?

उत्तर : नाही, ताई. बाजूला टाकलेली ती रक्कम पुढच्या आजारपणाची, गळक्या छपराची किंवा शाळेच्या शुल्काची असते; आज तिला शिल्लक म्हणतात इतकेच. ती नसेल तर तीच वेळ सावकाराच्या दारात नेते आणि मग मदतीचा मोठा भाग व्याजात जातो.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र पाहून घ्या. काही योजनांत मदत घेणाऱ्याजवळ किती मालमत्ता असावी याची मर्यादा असते. अमेरिकेतील वृद्ध आणि अपंगांसाठीच्या एका मोठ्या योजनेत ती एकट्या व्यक्तीसाठी २,००० डॉलर आहे आणि १९८९ पासून तेवढीच राहिली आहे, त्यामुळे साठवणाऱ्यालाच शिक्षा झाल्यासारखे होते. हा नियम आम्हाला अन्यायाचा वाटतो, पण नियम असेल तर तो मोडू नये. आपल्या योजनेत अशी अट आहे का, हे कार्यालयाकडून लेखी घ्यावे. थोडीफार कमाई सुरू करणार असाल तर मदत किती कापली जाईल हेही त्याच वेळी विचारावे. ब्रिटनच्या मुख्य योजनेत ठराविक मर्यादेनंतर हातात पडणाऱ्या कमाईच्या दर पौंडामागे ५५ पेन्स मदत कमी होते. २०२१ च्या अखेरीपर्यंत ६३ पेन्स कापले जात होते. लोक काम करत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी आळसाआधी हा आकडा पाहिलेला बरा.

आपण साठवू शकता हे आम्हाला विशेष वाटते, कारण तंगीत पुढचा विचार करणे खरोखरच कठीण असते. तमिळनाडूतील ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी ऊस तुटण्याआधी, हातात पैसा नसताना, बुद्धिमापनाच्या कोड्यांत मागे पडत होता आणि पैसे आल्यावर सुधारत होता. नणंदबाईंना हिशेब देण्याचे आपल्यावर बंधन नाही. त्यांनी पुन्हा विषय काढलाच तर अट काय आहे एवढे सांगून थांबावे.

प्रश्न : धाकट्या भावाच्या डोक्यावर पाच वेगवेगळी कर्जे आहेत. मी एकदाच काही रक्कम देऊ शकतो. आधी सर्वांत लहान कर्ज फेडावे की सर्वांत जास्त व्याजाचे?

उत्तर : गणिताचे उत्तर जास्त व्याजाचे, यात शंका नाही. माणसाचे उत्तर कधी कधी निराळे निघते. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांना २०१२ मध्ये असे आढळले, की जे लोक आधी एकेक खाते पूर्ण बंद करत गेले ते कर्जातून पूर्ण बाहेर पडण्याची शक्यता अधिक होती. रक्कम आपली आणि ती एकदाच द्यायची आहे, म्हणून या वेळी जास्त व्याजाचे कर्ज निवडावे. उरलेल्या कर्जांत भावाने स्वतः लहानापासून सुरुवात केली तरी चालेल. अपवाद एकच : ज्या कर्जापायी राहते घर किंवा पोटापाण्याचे साधन जप्त होऊ शकते त्याचा थकलेला हप्ता सर्वांत आधी भरावा, मग त्याचे व्याज कमी का असेना. नातेवाइकांचे बिनव्याजी हातउसने शेवटी ठेवावेत, पण त्यांना तसे आधी सांगावे, म्हणजे मने दुखावत नाहीत.

पैसे भावाच्या हातात न देता थेट कर्ज देणाऱ्याच्या खात्यात भरावेत, मात्र ही अट भावाला आधीच मोकळेपणाने सांगून आणि त्याच्या संमतीने. मागाहून कळले तर तो पुढचे कर्ज आपल्यापासून लपवील. खाते फिटल्यावर देणे बाकी नसल्याचा लेखी दाखला घ्यावा, कार्ड असेल तर ते रद्द करून घ्यावे. उरलेल्या कर्जांसाठी जामीन राहण्याची विनंती बहुधा त्याच आठवड्यात येईल. ती स्पष्टपणे नाकारावी, कारण जामीनदाराला हप्ता चुकेपर्यंत कोणी विचारत नाही आणि चुकल्यावर पूर्ण रक्कम त्याच्याकडूनच मागितली जाते.