फी पौंडात भरायचीय, ब्रेक्झिटची वाट पाहू का?

प्रश्न (सांगली, एप्रिल 2019) : मुलीला लीड्सला एमएस्सीसाठी प्रवेश मिळालाय. फी 18,000 पौंड, राहण्याखाण्याचे साधारण 9,000. पैसे एफडीत आहेत. ब्रेक्झिटमध्ये, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताना, संघाशी करार झालाच नाही तर पौंड कोसळेल म्हणतात. ऑक्टोबरपर्यंत थांबू का? मेहुणे मात्र म्हणतात, बाहेर पडावं की नाही यावर दुसरं सार्वमत होऊन पौंड वर जाईल, आजच सगळे घेऊन टाका.

उत्तर : आधी तारखा बघा. संघाने 10 एप्रिलला ब्रिटनला दिलेली नवी मुदत 31 ऑक्टोबरची आहे. मुलीचा वर्ग सप्टेंबरात सुरू होतो. बहुतेक फी तेव्हा भरून झालेली असेल. पौंड धास्तीने आधीच घसरला तर तुमचं नशीब, पण ऑक्टोबरच्या निकालाचा फायदा फीला मिळायचा नाही.

आता अंदाजांचं. तुम्ही आणि मेहुणे, दोघंही ब्रिटिश संसद काय करेल यावर पैसे लावताय आणि ते त्या संसदेलाच ठरवता येत नाहीये. पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी केलेला करार संसदेत 15 जानेवारीला 432 विरुद्ध 202 मतांनी पडला, 12 मार्चला पुन्हा पडला, आणि ज्या 29 मार्चला बाहेर पडायचं होतं त्याच दिवशी तिसऱ्यांदा पडला. मध्ये 27 मार्चला आठ पर्याय मतदानाला ठेवले, एकालाही बहुमत नाही! त्यातही 15 जानेवारीची गंमत बघा. सरकारचा एवढा मोठा पराभव आणि मतदानानंतर पौंड चढला. पराभव सगळ्यांनी आधीच धरला होता, वर आता करार न करता बाहेर पडणं टळेल असं बाजाराला वाटलं. म्हणजे बातमी बरोबर ओळखूनही भाव चुकू शकतो.

बाहेर पडायचा कौल देणाऱ्या पहिल्या सार्वमताआधी, जून 2016 मध्ये, पौंड 100 रुपयांच्या आसपास होता. 2017 च्या सुरुवातीला 82-83 वर आला. आज 90 च्या घरात आहे. तुमच्या 27,000 पौंडांवर एका रुपयाचा फरक म्हणजे 27,000 रुपये. भाव 82 झाला तर दोन लाखांवर वाचतील, छानच. पण 98 झाला तर तेवढेच जास्त कुठून आणणार? एफडी पुरणार नसेल तर थांबणं तुम्हाला परवडणारं नाही.

मात्र मेहुण्यांचं ऐकून सगळेही आज घेऊ नका. व्हिसा अजून व्हायचाय. तो नाकारला गेला तर विद्यापीठ पौंडात परत करेल आणि बँक ते कमी दराने घेईल. व्हिसासाठी पैसे 28 दिवस खात्यात दाखवायचे असतात, ते रुपयांत असले तरी चालतात. म्हणून आत्ता फक्त विद्यापीठ मागतंय तेवढी अनामत भरा, त्यासाठी एकच पावती मोडा. आणखी थोडी फी जूनमध्ये, बाकीची व्हिसा हातात आल्यावर. काही विद्यापीठं शेवटचा हप्ता जानेवारीत घेतात, विचारून ठेवा. राहण्याखाण्याचे 9,000 मात्र एकदम घ्यायचंच कारण नाही. पहिल्या दोन महिन्यांपुरते फॉरेक्स कार्डावर भरा, पुढचे लागतील तसे पाठवा. नोव्हेंबरनंतर पौंड खरंच पडला तर त्याचा लाभ इथे मिळेल.

लंडनपेक्षा तुमच्या शाखेत जास्त लक्ष घाला. बँकेचा विक्रीदर बाजारभावापेक्षा रुपया-दीड रुपयाने सहज जास्त असतो. फीच्या 18,000 पौंडांवर दीड रुपया म्हणजे 27,000 रुपये. पाठवण्याच्या दिवशी सकाळी दोन बँका आणि एका अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून लेखी दर घ्या, शुल्क आणि जीएसटी धरून. मग आपल्या बँकेत जाऊन घासाघीस करा, बऱ्याचदा दर कमी करतात.

पौंडाचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणारे बाजारातले सौदे) घ्यायचं कुणी सुचवलं तर नको म्हणा. एक लॉट, म्हणजे किमान सौदा, 1,000 पौंडांचा असतो, नफातोटा रोजच्या रोज वळता होतो, आणि भाव उलटा फिरला की मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) भरायला पुन्हा एफडीच मोडावी लागेल.