पिवळ्या हेडलाइटचा जोडधंदा: खरेदी कुठून सुरू करावी?

प्रश्न: मी नाशिकला आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी गाड्यांचे पिवळे पडलेले हेडलाइट साफ करून द्यायचा विचार आहे. ऑनलाइन ३० हजारांचा संच पाहिला. घेऊ का?

उत्तर: आत्ता नको. या धंद्याचा जीव मशीनमध्ये नाही, कोटिंगमध्ये आहे.

आपण जिला काच म्हणतो ती पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते. कंपनीतून तिच्यावर उन्हापासून राखणारा पातळ थर येतो. तो उन्हाने मेला की पापुद्रे सुटतात आणि खालचं प्लास्टिक पिवळं, धुरकट होतं. मेलेला थर पूर्ण काढायचा आणि नवा चढवायचा, एवढंच काम. टूथपेस्ट चोळून किंवा नुसतं बफिंग करून चकाकी येते, पण वर थर नसल्याने काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा पडतो आणि गिऱ्हाईक दारात येतं.

पहिली खरेदी दहा हजारांच्या आत बसव. ८००, १२००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, चांगला मास्किंग टेप, पाण्याची स्प्रे बाटली, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मायक्रोफायबर कापडं, नायट्राइल हातमोजे आणि हेडलाइटसाठीच बनवलेलं, कापडाने लावायचं यूव्ही कोटिंग. मशीन घ्यायचंच तर तीन इंची पॅड बसणारं ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर (पॅड फिरतं आणि डोलतंही) घे. रोटरी (नुसतं गोल फिरणारं) नको, ते एका जागी क्षणभर रेंगाळलं तरी प्लास्टिक तापून वितळतं. स्प्रेने मारायचं टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा पारदर्शक थर, जास्त टिकतं, पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. त्याला कापडी मास्क पुरत नाही, कार्ट्रिजचा मास्क आणि हवेशीर जागा लागते. ते पुढे शीक.

आता हात कसा चालवायचा ते. दिवा धू आणि बाजूच्या रंगावर टेपचे दोन थर लाव, कारण कडेला पेपर घसरतोच. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजव. ८०० नंबर आडवा मार, सतत पाणी सोडत. सुरुवातीला पिवळसर पाणी ओघळेल, मग दुधासारखं पांढरं. सगळीकडून पांढरं येऊ लागलं की जुना थर निघाला. कुठे चकचकीत बेट राहिलं तर तिथे थर शिल्लक आहे. ते तसंच सोडलंस तर नवं कोटिंग नेमकं तिथूनच सुटेल. १२०० उभा मार, म्हणजे ८००चे आडवे ओरखडे राहिले असतील तर लगेच दिसतात. मग २००० आडवा, ३००० उभा. कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) मारलंस तर त्याचं तेल अल्कोहोलने दोनदा पुसून काढ, नाहीतर कोटिंग धरत नाही. थिनर किंवा पेट्रोल अजिबात नको, पॉलिकार्बोनेटला केसासारख्या भेगा पडतात. कोटिंग सावलीत, काच थंड असताना, एका दिशेने लाव. तापल्या काचेवर ते पुसतानाच सुकतं आणि पट्टे उमटतात. पावसाळ्यात उघड्यावर हे काम घेऊ नकोस. बाटलीवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पाळ आणि गाडी दिवसभर धुवू नका असं मालकाला सांग.

कोणतं काम नाकारायचं हे कळणं तितकंच गरजेचं. दिव्यावर पाणी ओत. ओला असताना स्वच्छ दिसला तर दोष वरचा आहे, काम घे. तरीही धुरकट राहिला तर दोष आतला: वाफ, आतली धूळ किंवा खोल भेगा. त्यावर पेपर मारून उपयोग नाही, मालकाला आधीच सांग. आधीचे-नंतरचे फोटो काढ, लेखी गॅरंटी कोटिंगवाल्या कंपनीने दिली असेल तेवढीच दे.

सुरुवातीला दिव्यांच्या एका जोडीला दोन तास धर, म्हणजे रविवारी दोनच गाड्या. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीचा प्रश्न येत नाही. आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप मात्र यासाठी सोडू नकोस. बॉडीशॉप असलेल्या सर्व्हिस सेंटरमध्ये मिळाली तर स्प्रेगन आणि टू-के दोन्ही तिथेच शिकशील.

गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावण्याआधी भंगारातून चार-पाच जुने हेडलाइट आण. एकाच्या अर्ध्या काचेला कोटिंग कर, अर्धी नुसती पॉलिश करून सोड आणि मार्चमध्ये गच्चीवर ठेव. जूनपर्यंत त्यात फरक दिसतो का ते पाहा. दिसला, तर तोच दिवा गिऱ्हाइकाला दाखव.