मुंबईतलं गांधीजींचं संग्रहालय, मणिभवन, बघायला किती वेळ लागतो, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कंटाळा येईल का?

कंटाळा नाही येणार, पण तुम्ही विचारताय तसा वेळ मोजून नका जाऊ. मी कॉलेजात असताना वीस मिनिटांत उरकलं होतं, खोली बघितली, फोटो काढला, संपलं. नंतर भाचीला घेऊन गेलो तेव्हा दीड तास कसा गेला कळलं नाही.

मुलांसाठी दुसऱ्या मजल्यावरचे बाहुल्यांचे देखावे. गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या छोट्या पेट्यांमध्ये मांडलेत आणि भाची प्रत्येक पेटीला नाक लावून उभी, "मामा, हे का चिडलेत?" असं चालू, तेव्हा दांडीयात्रा वगैरे आधी थोडं वाचून जा नाहीतर माझ्यासारखी पंचाईत होईल.

मोठ्यांनी त्याच मजल्यावर गांधीजींच्या खोलीसमोर थांबावं. हे काही आश्रम नव्हे, रेवाशंकर झवेरी या स्नेह्यांचं राहतं घर, आणि १९१७ ते १९३४ मुंबईत आले की मुक्काम इथंच. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पिंजाऱ्याची. गाद्यांसाठी कापूस पिंजणारा एक जण रोज घरावरून जायचा, त्याला थांबवून सुतासाठी कापूस पिंजून घेतला, मग खोलीत चरखा सुरू झाला. तेव्हा ते आजारी होते आणि बरं वाटण्यात चरख्याच्या गुणगुणण्याचाही वाटा होता असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. हे माहीत असलं की काचेपलीकडची गादी आणि चरखे नुसत्या वस्तू वाटत नाहीत. (काच नसती तर बरं झालं असतं, पण आपले लोक हात लावल्याशिवाय राहतात होय!)

गच्चीचंही सांगतो, ४ जानेवारी १९३२ ला पहाटे तिथल्या तंबूतूनच त्यांना अटक झाली. हिटलरला १९३९ मध्ये लिहिलेलं पत्र लावलंय ते शोधा, मायना "प्रिय मित्रा" असा आहे, मी दोनदा वाचला.

ग्रँट रोडला पश्चिमेला उतरा, गावदेवीत लॅबर्नम रोड विचारा, चालतच जाता येतं. गाडी आणू नका, पार्किंगची बोंब आहे. पाय दुखत नसतील तर ऑगस्ट क्रांती मैदान जवळच आहे, मुलांना तिथं पळू द्या.